बँकॉकची बीटीएस एक नंबर, पण खोली बघताना स्टेशन नको, सोई (म्हणजे तिकडची गल्ली) बघा

आधी मार्क देऊन टाकतो, ज्यांना पुढचं वाचायचं नाही ते मोकळे. बँकॉकच्या बीटीएसला, म्हणजे पुलावरनं धावणाऱ्या त्या ट्रेनला, पाचपैकी साडेचार. जमिनीखालच्या एमआरटीला चार. आणि स्टेशनवरनं उतरल्यावर घरापर्यंत जो एक-दीड किलोमीटर उरतो ना, त्याला दोन, ते पण मोटरसायकल टॅक्सीवाल्यांमुळं, नाहीतर एकच दिला असता.

हे लिहायचं कारण असं की सुट्टीला कोल्हापूरला आलं की शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीतला कोण ना कोण भेटतोच, ज्याला थायलंडची ऑफर आलेली असते. फाउंड्री, मशीनशॉप, ऑटो पार्ट्स ही लाईन तिकडं जोरात आहे, बँकॉकला लागूनच सामुत प्राकान, पुढं चोनबुरी, रायोंग, सगळीकडं जपानी गाड्यांचे कारखाने आणि त्यांना माल देणारे भरलेत. आणि गंमत म्हणजे प्रत्येकाचा पहिला प्रश्न पगाराचा नसतो, पहिला प्रश्न "तिकडं गाडी घ्यायला लागत्या काय?" बरोबरच आहे, आपण गल्लीच्या टोकाला दूध आणायला पण गाडीला स्टार्टर मारणारी माणसं. तर उत्तर असं, की गाडी नाही लागत, मी तिकडं राहतोय तसा बिनगाडीचाच राहतोय आणि काही अडलं नाही, पण खोली कुठं घेताय त्यावर सगळं आहे, आणि ते नीट कुणी सांगत नाही म्हणून हा एवढा मोठा रिव्ह्यू.

बीटीएस ५ डिसेंबर १९९९ ला सुरू झाली, तो तिकडच्या तेव्हाच्या राजाचा, राजा भूमिबोलचा, वाढदिवस. त्याआधी बँकॉकचा ट्रॅफिक जगात बदनाम होता, आणि रस्त्यावरचा अजून आहेच, शुक्रवारी संध्याकाळी पावसात असोकच्या सिग्नलला अडकलात तर तिथंच एक डुलकी होते. सुरुवातीला दोनच मार्ग, सुखुमवित आणि सिलोम, दोन्ही सियाम स्टेशनला भेटतात. नंतर सुखुमवितचा मार्ग वाढत वाढत गेला, २०११ ला बेरिंगपर्यंत, २०१८ च्या शेवटी खेहापर्यंत, म्हणजे बँकॉक सोडून सामुत प्राकानात. आपल्या कारखान्यातल्या पोरांसाठी हीच कामाची लाईन, कारण बऱ्याच कंपन्यांच्या व्हॅन बांग ना, बेरिंग, समरोंग असल्या स्टेशनखालनं माणसं उचलतात. आणि सकाळी सगळं शहर सियामकडं जात असतंय तेव्हा तुम्ही उलट दिशेला, बसायला जागा मिळते. ज्याचं ऑफिस सिलोम किंवा असोकला आहे त्याला मात्र सकाळी साडेसात ते नऊ उभंच राहायचंय, कारण गाडी चारच डब्यांची. दर दोन-तीन मिनिटांना येते तरी गर्दी कमी होत नाही.

पण गर्दी म्हणजे आपल्या डोक्यात मुंबई लोकल येते, तसलं काही नाही. प्लॅटफॉर्मवर बाण काढलेत, लोक त्या बाणामागं दोन्ही बाजूला लाईन लावतात, मधनं उतरणारे उतरतात, मगच हे चढतात. कुणी दरडावत नाही, पोलीस उभा नाही, तरी होतंय. डब्यात एसी एवढा थंड की बाहेर घामानं भिजलेला शर्ट दोन स्टेशनात पाठीला गारगार चिकटतो, सर्दी होणाऱ्यांनी बॅगेत काहीतरी ठेवा. खाणं-पिणं बंद, डुरियन नावाच्या फळाला तर चित्र काढून बंदी केलीय, आणि एकदा त्याचा वास घेतला की बंदी का ते कळतं. राखीव जागा म्हातारी माणसं, गरोदर बायका यांच्यासाठी असतात तशा बौद्ध भिक्खूंसाठी पण असतात.

आणि शांतता. हे आपल्या लोकांना सांगायलाच पाहिजे. अख्खा डबा गच्च भरलेला असतोय आणि आवाज फक्त अनाउन्समेंटचा आणि वर टीव्हीवर लागलेल्या जाहिरातीचा. गेल्या वर्षी आमच्या प्लांटला गावाकडनं एक नवीन भाऊ आला, कागलचा, त्याला चढल्या चढल्या घरनं फोन आला आणि यानं आपल्या नेहमीच्या आवाजात "हां बोल आई, जेवलीस का, म्हस आणली का दावणीला" सुरू केलं. कुणी काही बोललं नाही, बोलत नाहीतच ती लोकं, पण फ्रा खानोंगपासून उदोम सुकपर्यंत समोरची एक बाई त्याच्या फोनकडं बघून नुसती हसत होती आणि याला वाटलं आवडलं हिला. असू दे.

सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर राष्ट्रगीत लागतं. जिना चढणारे, तिकिटाच्या लाईनीत असलेले, धावत निघालेले, सगळे जागच्या जागी थांबतात. संपलं की परत सगळं चालू. पहिल्यांदा बघितलं की अंगावर काटा येतो, आणि ज्यांना माहीत नसतं ते बरोबर मधनं चालत जातात आणि अख्खं स्टेशन त्यांच्याकडं बघतं. तुम्ही पण थांबायचं, परदेशी असलात तरी.

तिकिटाचं सांगतो. मूळ मार्गावर १७ बाटापासून ४७ बाटापर्यंत, हे दर २०२३ पासूनचे, आणि पुढं वाढीव मार्गावर गेलात तर साठच्या वर जातंय. एक बाट म्हणजे अडीच रुपयाच्या वर पकडा. म्हणजे रोज लांबनं येणार असाल तर येऊन-जाऊन शंभर-सव्वाशे बाट नुसती ट्रेनच खाते, हे स्वस्त नाही. थाई लोकं पण यावर बोंब मारतात, निवडणुकीत पण हा विषय निघतो. रॅबिट कार्ड, म्हणजे बीटीएसचं पैसे भरून वापरायचं कार्ड, काढा, पासपोर्ट दाखवून रजिस्टर करतात, मग मशीनपुढं सुट्टे नाण्यांसाठी उभं राहायला लागत नाही.

आता माझा खरा राग. रॅबिट कार्ड बीटीएसला चालतं, खालच्या निळ्या लाईनच्या एमआरटीला चालत नाही. एमआरटीला बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवून जाता येतं, ते जुन्या बीटीएसला चालत नाही. एकाच शहरात असोक स्टेशनवरनं बाहेर यायचं, पूल ओलांडून सुखुमवित नावाच्या एमआरटी स्टेशनात उतरायचं, खिशातनं दुसरं कार्ड काढायचं, आणि सुरुवातीचं भाडं परत नव्यानं भरायचं. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळे करार, भुर्दंड प्रवाशाला. एमआरटी २००४ ला सुरू झाली आणि २०२० ला तिचा शहराभोवती फेरा पूर्ण झाला, गाडी चांगली आहे, स्टेशनं मोठी, थंडगार, आत जाताना टेबलावर बॅग उघडून दाखवायला लागते एवढंच. पण हे कार्डाचं लफडं एवढ्या वर्षांत मिटवता येत नाही म्हणून तिचा आणि बीटीएसचा, दोघींचा अर्धा अर्धा मार्क तिथंच गेला. एमआरटीचा बाकीचा अर्धा माझ्या मनानं कापलाय, खिडकीतनं काही दिसत नाही.

विमानतळाचं एका वाक्यात, सुवर्णभूमीवरनं फाया थाय स्टेशनपर्यंत एअरपोर्ट रेल लिंक आहे, २०१० पासून चालू, शेवटपर्यंत ४५ बाट, अर्ध्या तासात सोडते. आता दुसरं वाक्य, जर तुमच्याबरोबर दोन मोठ्या बॅगा, एक भडंगाचं पोतं आणि आईनं दिलेला चटणीचा डबा असेल तर सकाळच्या वेळी तिच्या नादाला लागू नका, सरळ मीटरची टॅक्सी करा, मीटर ३५ बाटावर सुरू होतंय, वर विमानतळाचे ५० आणि टोल असेल तर टोल.

असो. आता मुख्य मुद्दा, सोई.

सोई म्हणजे मेन रोडला फुटणारी गल्ली. पण ही गल्ली आपल्या गल्लीसारखी नाही, आपल्याकडं राजारामपुरीत पहिली झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी, आणि एकीतनं दुसरीत कुठूनही निघता येतं. बँकॉकात सोई सरळ आत जाते, किलोमीटरभर जाते, दीड किलोमीटर जाते, आणि बऱ्याचदा शेवटी भिंत. शेजारच्या सोईत जायला मध्ये वाट नाही, परत मेन रोडवर या, तिथनं पुढं जा, आणि परत आत. याचं कारण जुनं आहे. ही सगळी जमीन एकेकाळी कालव्याकाठची भाताची आणि फळबागांची, लांब अरुंद पट्ट्यांची. मालकानं आपापली पट्टी विकली, तेवढ्यापुरता मधनं रस्ता काढला, शेजाऱ्याच्या पट्टीशी त्याचं काय देणंघेणं नाही. असं करत करत शहर झालं, पण आडवे रस्ते कुणी काढलेच नाहीत. म्हणून सगळ्या गाड्या मेन रोडवर येतात, म्हणून ट्रॅफिक, म्हणून मग वर पूल बांधून ट्रेन. ट्रेननं मेन रोडचा प्रश्न सोडवला, सोईचा तिथंच राहिला.

नंबरचं अजून एक. सुखुमवित रोडच्या एका बाजूला विषम नंबरच्या सोई, दुसऱ्या बाजूला सम. वाटतं की ४९ च्या समोर ५० असणार. नसते. ऑन नुत स्टेशनला एका बाजूला सोई ७७ आहे आणि तिच्या समोर ५०. एक्कामाईला ६३ च्या समोर ४२. एका बाजूला जास्त पट्ट्या पडल्या, दुसऱ्या बाजूला कमी, नंबर आपापल्या चालीनं पळत सुटले. कुणी पत्ता सांगितला की "सोई ६३ समजा ६४ च्या समोरच असेल" असं धरून चालू लागलात तर बँकॉकच्या उन्हात वाट लागणार.

आता यात एजंट लोकांचा खेळ बघा. जाहिरातीत लिहिलेलं असतंय, स्टेशनपासून ५०० मीटर. मला एका एजंटनं अशी एक खोली दाखवली, नाव घेत नाही, आठव्या मजल्यावर, खाली स्विमिंग पूल, जिम, सगळं झकपक, आणि बाल्कनीतनं खरंच बीटीएसचा पूल दिसतोय, गाडी जाताना पण दिसते. मी म्हटलं चला चालत जाऊन बघू. तर ५०० मीटर हे कावळ्याच्या हिशोबानं. मध्ये कालवा, कालव्यावर पूल नाही, मग पलीकडं कुणाच्यातरी गोदामाची भिंत. चालायला लागल्यावर ते अंतर पाऊण तर सोडाच, सव्वा किलोमीटरच्या वर गेलं, आणि फुटपाथ म्हणाल तर कधी आहे कधी नाही, जिथं आहे तिथं मधोमध विजेचा खांब, खांबाभोवती वायरचं भेंडोळं, त्याच्याखाली मावशींची सॉसेज तळायची गाडी, आणि मागनं फुटपाथवरनंच हॉर्न न वाजवता मोटरसायकल. एजंट दोनशे मीटरवर थांबला, घाम पुसला आणि म्हणाला टुकटुक आहे ना बिल्डिंगची. आहे की. बऱ्याच बिल्डिंगांची स्वतःची टुकटुक, म्हणजे तिकडची रिक्षा, असते, स्टेशनला सोडते-आणते, फुकट. पण तिची वेळ विचारा. बहुतेक ठिकाणी सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या फेऱ्या, रात्री साडेनऊला आलात तर ड्रायव्हर घरी झोपलेला, आणि ज्या वेळी सगळ्यांना पाहिजे त्या वेळी सहा माणसांची टुकटुक आणि लाईनीत वीस.

म्हणून मग विन. विन म्हणजे सोईच्या तोंडाला असलेला मोटरसायकल टॅक्सीचा अड्डा, केशरी जॅकेट घातलेले, प्रत्येकाच्या पाठीवर नंबर. हे लोक नसते तर बँकॉक एका दिवसात बंद पडलं असतं, हे मी अतिशयोक्ती न करता लिहितोय. अड्ड्यावर बोर्ड असतो, कुठल्या बिल्डिंगपर्यंत किती, थाईमध्ये असतो बऱ्याचदा पण आकडे वाचता येतात. जवळचं दहा-पंधरा, आत खोलवर वीस-तीस बाट. घासाघीस नाही, बोर्डावर आहे तेवढं. लाईन असते, पहिला नंबर ज्याचा त्याच्या मागं बसायचं, आवडता ड्रायव्हर निवडायला ते काही लग्नाचं स्थळ नाही. लियाओ साय म्हणजे डावीकडं, लियाओ ख्वा उजवीकडं, त्रोंग पाय सरळ, एवढं आलं की काम झालं. हेल्मेट मागून घ्या, देतात, वास येतो, तरी घाला.

आणि चालवतात कशी, तर दोन गाड्यांच्या आरशांमधनं अशी काढतात की आपला गुडघा आपोआप आत ओढला जातो. आम्ही कोल्हापूरची पोरं स्वतःला गाडीवर पटाईत समजतो, पण मागं बसल्यावर कळतं की पटाईतपणा हँडल आपल्या हातात असेपर्यंतच असतोय. तिकडच्या बायका मात्र स्कर्ट घालून एका बाजूला बसतात, एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात मोबाईल, काही न धरता, चेहऱ्यावर रेषा हलत नाही.

पण पावसात बघा. मे ते ऑक्टोबर पावसाळा, आणि पाऊस नेमका संध्याकाळी ऑफिस सुटायच्या टायमाला कोसळतो. आपल्यासारखी दिवसभर झड नाही, तास-दीड तासच, पण असा की सोईचा ओढा होतो. स्टेशनच्या जिन्याखाली शे-दीडशे माणसं थांबलेली, विनचे अर्धे ड्रायव्हर गायब, उरलेल्यांसाठी लाईन जिन्यावरनं वर गेलेली, ग्रॅब, म्हणजे तिकडचं ओला-उबर, बघितलं तर भाडं दुप्पट आणि गाडी पंचवीस मिनिटांवर, बोल्ट या दुसऱ्या ॲपवर गाडी स्वस्त दिसते पण येतच नाही. त्यात एखादा पोरगा निळा प्लास्टिकचा रेनकोट घालून येतो, तुम्ही मागं बसायचं आणि त्याच्या रेनकोटचा मागचा पदर उचलून आपल्या डोक्यावर घ्यायचा. आत अंधार, पुढं काय चाललंय दिसत नाही, घोट्यापर्यंत पाणी लागतंय ते कळतंय, सायलेन्सरमधनं गुडगुड आवाज येतोय. तीस बाट. त्या वेळी मी तीनशे पण दिले असते. माझे सगळे चांगले बूट याच सोईत गेले, आता बॅगेत स्लीपर असतं.

काही सोईंमध्ये सोंगथेव चालते, ही म्हणजे आपलं वडापच, हुबेहूब. छोट्या टेम्पोच्या मागं समोरासमोर दोन बाकडी, माणसं कोंबली की निघाली, उतरायचं असलं की छताला बटण असतं ते दाबायचं, उतरून पुढं जाऊन ड्रायव्हरच्या हातात सात-आठ-दहा बाट द्यायचे. फरक एवढाच की मागं लटकणारा पोरगा "चला बिंदू चौक बिंदू चौक" असं ओरडत नाही. ज्या सोईत सोंगथेव आहे ती सोई माझ्या हिशोबानं लगेच एक मार्क वर. म्हातारी माणसं, शाळेची पोरं, भाजीची पिशवी घेतलेल्या बायका सगळे तिच्यानंच जातात, पावसात पण चालू असते.

नावेबद्दल पण लिहायला पाहिजे, कारण कुणी सांगत नाही. ख्लोंग सेन सेप नावाचा कालवा शहराच्या पोटातनं जातो, पेचबुरी रोडला समांतर, आणि त्यात लांबट बोटी धावतात, असोक, प्रतुनाम करत जुन्या शहराकडं. पाण्याला वास आहे, खोटं कशाला बोला. बोट धक्क्याला धड थांबत पण नाही, टेकते, माणसं उड्या मारतात, लगेच निघते. कडेला बसणाऱ्यांनी समोरून बोट आली की दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर करायचा, नाहीतर ते पाणी तोंडावर. तिकीट काढणारे बोटीच्या कडेवरनं, बाहेरच्या बाजूनं, डोक्यात हेल्मेट घालून चालतात. संध्याकाळी रस्त्यावर तास लागतो तिथं ही वीस मिनिटात सोडते. पण रात्री लवकर बंद होते, तेवढं बघून घ्या. मला तर बीटीएसपेक्षा हीच आवडते, पण मार्क दिले तर लोक म्हणतील वास येणाऱ्या नावेला कसले पाचपैकी पाच, म्हणून देत नाही.

व्हिसाच्या कामाला चेंग वत्थनाला जावं लागतं, इमिग्रेशनचं मोठं ऑफिस तिकडं उत्तरेला आहे. वर्क परमिटवर राहणाऱ्याला दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवायचा असतो, तो ऑनलाईन पण होतो, पण मुदतवाढीला स्वतः हजर. पूर्वी हा म्हणजे दिवसभराचा उद्योग, बीटीएसच्या मो चित स्टेशनला उतरून बस नाहीतर टॅक्सी. २०२३ च्या शेवटी पिंक लाईन म्हणून मोनोरेल सुरू झाली, ती त्याच रोडवरनं जाते, गव्हर्नमेंट कॉम्प्लेक्स नावाचं स्टेशनच आहे, बीटीएसवरनं वाट फ्रा श्री महाथात स्टेशनला बदलता येते. तरीपण स्टेशनवरनं ऑफिसच्या इमारतीपर्यंत आत बरंच जायचंय. परत तेच, शेवटचा किलोमीटर. आणि खोली घेतानाच मालकाला विचारा की टीएम ३० भरणार का, परदेशी माणूस राहायला आला की २४ तासात कळवायची जबाबदारी मालकाची असते, ते नसलं की इमिग्रेशनच्या खिडकीवर तुमचं अडतं, त्याचं नाही.

ट्रेन बंद पडली तर काय, हे पण लक्षात ठेवा. २८ मार्च २०२५ ला म्यानमारचा भूकंप झाला तेव्हा बँकॉक पण हललं, चतुचकजवळ बांधकाम चालू असलेली सरकारी इमारत खाली बसली, आणि त्या दुपारी बीटीएस, एमआरटी सगळं तपासणीसाठी बंद. लाखो माणसं रस्त्यावर, टॅक्सी मिळेना, विनवाले जेवढं जमेल तेवढं करत होते, आणि लोक चालत घरी निघाले, ऑफिसचे बूट हातात घेऊन. ज्यांची घरं लांब होती ती रात्री उशिरा पोचली. एरवी मात्र भरवशाची आहे. त्याच वर्षी जानेवारीत हवा एवढी खराब झाली की सरकारनं आठवडाभर ट्रेन आणि बस सगळ्यांना फुकट केली, गाड्या रस्त्यावर कमी याव्यात म्हणून. डिसेंबर ते मार्च हवेचं असंच असतंय, चालायची सवय असणाऱ्यांनी मास्क ठेवा.

तर खोली कशी बघायची. ऑन नुत, फ्रा खानोंग, बांग चाक या पट्ट्यात एकट्या माणसाची बरी खोली साधारण दहा-बारा ते पंधरा हजार बाटात मिळते, असोक-फ्रोम फोंगला त्याच खोलीचे खूप जास्त. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिना आगाऊ, ही तिकडची नेहमीची चाल. एजंट म्हणेल रविवारी दुपारी या. जाऊ नका. कामाच्या दिवशी संध्याकाळी सहा-साडेसहाला जा, जमलं तर पावसाळ्यात, आणि एजंटच्या गाडीत बसू नका, स्टेशनला भेटू म्हणा. स्टेशनच्या कुठल्या नंबरच्या जिन्यानं उतरायचं तिथपासून बिल्डिंगच्या दारापर्यंत चालून बघा. विनचा बोर्ड वाचा. विनचे लोक किती वाजेपर्यंत असतात विचारा. सोईत दिवे आहेत का, सेव्हन इलेव्हन आहे का, म्हणजे रात्री वर्दळ असते. सोई मध्येच उंच केलेली दिसली, म्हणजे रस्ता घरांच्या उंबऱ्यापेक्षा वर, तर समजायचं इथं पाणी भरतंय म्हणून उचललाय. माझ्या मते स्टेशनपासून चालत सात मिनिटांची साधी, जुनी, स्विमिंग पूल नसलेली खोली ही सोईत आत असलेल्या स्विमिंग पूलवाल्या खोलीपेक्षा शंभर पटीनं भारी. पूलमध्ये पहिल्या महिन्यानंतर कोण उतरत नाही, स्टेशनला रोज जावं लागतं.

माळकरी असाल, नाहीतर नुसतं डुक्कर खात नसाल, तर स्टेशनखालच्या सकाळच्या गाड्यांवर नीट विचारून घ्या, काडीवर भाजलेलं ते बहुतेक तेच असतंय. कापलेली फळं मात्र कुठंही घ्या, पेरू चांगला.

आणि शेवटचं, आई-बाबांना न्यायचा विचार असेल त्यांच्यासाठी. मी दोघांना नेलं होतं, बाबांच्या गुडघ्याचं दुखणं आहे. स्टेशनं सगळी वर, तीन-तीन मजल्याएवढी. सरकते जिने आहेत पण बऱ्याच ठिकाणी फक्त वर जाणारे, उतरताना पायऱ्याच, आणि गुडघ्याला त्रास चढताना नाही, उतरताना होतो. बीटीएस सुरू झाली तेव्हा बहुतेक स्टेशनांना लिफ्टच नव्हती, अपंग लोकांनी महापालिकेवर कोर्टात केस केली, वर्षानुवर्षं भांडली, आणि २०१५ च्या जानेवारीत तिकडच्या सर्वोच्च प्रशासकीय कोर्टानं सगळ्या स्टेशनांना लिफ्ट लावायचा निकाल दिला. आज लिफ्ट आहे, पण काही ठिकाणी रस्त्याच्या एकाच बाजूला, आणि ती नेमकी आपल्या बाजूला नसते. त्यामुळं खोली निवडताना लिफ्ट कुठल्या जिन्याजवळ आहे ते पण बघून ठेवा. आईचं म्हणाल तर तिला ट्रेन आवडली, एसी आवडला, राष्ट्रगीताला ती बाबांच्या आधी थांबली, पण विनच्या मोटरसायकलवर बसायला काही तयार झाली नाही, शेवटपर्यंत सोंगथेवनंच फिरली, आणि तिकडच्या बायकांना मराठीत "सरका की जरा" म्हणून जागा पण करून घेतली.